आडनाव बुडते म्हणजे काय बुडते?

१८७३ सालच्या एप्रिल महिन्यात लंडनच्या ‘एज्युकेशनल टाइम्स’ या शिक्षकांच्या मासिकात ४००१ क्रमांकाचे एक गणित छापून आले. या मासिकात दर महिन्याला गणिते छापली जात आणि वाचकांनी ती सोडवून पाठवायची असत. हे गणित मात्र नेहमीच्या वळणाचे नव्हते. समजा, एका नव्या प्रदेशात पुष्कळ माणसे वस्तीला गेली. त्यांतले फक्त प्रौढ पुरुष मोजायचे. सुरुवातीला प्रत्येकाचे आडनाव वेगळे. दर पिढीत शंभरांतल्या इतक्या पुरुषांना मोठा होईपर्यंत जगलेला एकही मुलगा नाही, इतक्यांना एक, इतक्यांना दोन, असे पाच मुलग्यांपर्यंतचे प्रमाण ठरलेले आहे. तर काही पिढ्यांनंतर किती आडनावे नाहीशी होतील? आणि जी उरतील ती प्रत्येकी किती जण लावत असतील?

गणित घालणारे होते फ्रान्सिस गॉल्टन. त्यांच्या मनासारखे उत्तर आले नाही, तेव्हा त्यांनी हेन्री विल्यम वॉटसन या गणिती धर्मोपदेशकांना गळ घातली. दोघांचा मिळून निबंध १८७४ मध्ये वाचला गेला व पुढच्या वर्षी छापला गेला. आज ज्याला ‘गॉल्टन-वॉटसन प्रक्रिया’ म्हणतात ती हीच. संभाव्यतेच्या पुस्तकांत ती असते, लोकप्रिय विज्ञानलेखांत आडनावांच्या गोष्टीच्या रूपाने येते, आणि अलीकडे वर्तमानपत्रांतही तिची सावली दिसू लागली आहे. गणित म्हणून ती सुंदर आहे. पण ती ज्या तऱ्हेने सांगितली जाते त्याबद्दल आमची तक्रार आहे. तक्रार मांडण्यापूर्वी गणित नीट पाहिले पाहिजे.

गॉल्टन यांना हा प्रश्न का पडला, तेही सांगायला हवे. इंग्लंडमधली नामांकित घराणी भराभर नामशेष होतात, अशी त्या काळी सार्वत्रिक समजूत होती. १८६९ सालच्या आपल्या पुस्तकात गॉल्टन यांनी न्यायाधीशांना मिळालेल्या ३१ उमरावक्या तपासल्या. त्यांतल्या १२ संपल्या होत्या. त्यांनी काढलेले कारण मोठे चमत्कारिक होते. हे उमराव संपत्तीसाठी एकुलत्या एक वारस मुलींशी लग्ने करतात, अशा मुली मुळातच कमी मुले होणाऱ्या घरांतून येतात, म्हणून वंश खुंटतो, असे ते म्हणाले. त्यानंतर १८७३ मध्ये आल्फोन्स द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने शंका काढली. कारण शोधण्याआधी निव्वळ योगायोगाने किती घराणी संपतील हे कोणी मोजले आहे का? ही शंका गॉल्टन यांनी मनावर घेतली. याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे, कारण स्वतःच्या आवडत्या उपपत्तीला सुरुंग लावू शकेल असा प्रश्न स्वतःच जाहीरपणे विचारणारी माणसे थोडी. (याच गॉल्टन यांनी १८८३ मध्ये माणसांची ‘पैदास सुधारण्याच्या’ विचाराला ‘युजेनिक्स’ हे नाव दिले आणि त्या विचाराने पुढे फार नुकसान केले, हेही विसरता येत नाही.)

आता गणित. वर्गात ते फाशाने करता येते. आम्ही नववीच्या वर्गात करून पाहिले आहे. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक आडनाव. फासा टाकायचा. १ किंवा २ पडले तर मुलगा नाही, ३ किंवा ४ पडले तर एक मुलगा, ५ किंवा ६ पडले तर दोन. पुढच्या फेरीत प्रत्येक मुलग्यासाठी पुन्हा फासा. सरासरीने प्रत्येक पुरुषाला एक मुलगा, म्हणजे लोकसंख्या ना वाढते ना घटते. तरी पहिल्याच फेरीत वर्गाचा तिसरा हिस्सा बाद होतो आणि मुलांना धक्का बसतो. आमच्या खेळात पहिल्या फेरीत बाद झालेल्या एका मुलीने विचारले, “सर, एक पडला म्हणजे मूलच झालं नाही, की मुली झाल्या?” त्या वेळी आम्ही “खेळापुरतं तसं धर” असे सांगून वेळ मारून नेली. तिच्या प्रश्नाकडे आपण परत येणार आहोत.

पिढीमागून पिढी किती नावे बुडतील याचा हिशोब वॉटसन यांनी सोप्या युक्तीने केला. एखाद्याचे नाव काही पिढ्यांत बुडण्याची शक्यता ‘क्ष’ धरा. मग एका पिढीने मागे जाऊन पाहा. वडिलांना मुलगा नसेल तर नाव बुडालेच. एक मुलगा असेल तर त्याची शाखा बुडायला हवी, त्याची शक्यता क्ष. दोन असतील तर दोन्ही शाखा बुडायला हव्यात, त्याची शक्यता क्ष गुणिले क्ष. आमच्या फाशासाठी तिन्हींचे वजन एक तृतीयांश. म्हणून नवी शक्यता = (१ + क्ष + क्ष × क्ष) ÷ ३. शून्यापासून सुरुवात करून येणारे उत्तर पुन्हापुन्हा याच सूत्रात घालत जायचे. पहिल्या पिढीत ०.३३३, मग ०.४८१, ०.५७१, ०.६३२, पाचव्या पिढीत ०.६७७, दहाव्या पिढीत ०.७९७. म्हणजे चाळीसच्या वर्गात दहा पिढ्यांनी साधारण ३२ आडनावे गेली, ८ उरली. पण माणसे सरासरीने चाळीसच आहेत. म्हणजे उरलेले एकेक आडनाव आता सुमारे पाच जण लावतात. गॉल्टन यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच दिसते. काही आडनावे गावभर पसरलेली असतात यामागे त्या घराण्याचा काही पराक्रम असलाच पाहिजे असे नाही. बाकीची बुडाली एवढ्यानेही ते होते. आमच्या मते या गणितातली सर्वांत शिकवण्याजोगी गोष्ट ही आहे, पण गोष्टी सांगणारे बहुधा ‘सारे बुडणार’ या वाक्याकडे धावतात आणि ही मागे राहते.

सारे बुडणार का? बुडण्याची अखेरची शक्यता हवी असेल तर नवी आणि जुनी शक्यता सारखी धरायची. क्ष = (१ + क्ष + क्ष × क्ष) ÷ ३. हे वर्गसमीकरण सोडवले की (क्ष − १) चा वर्ग शून्य असे मिळते. उत्तर एकच, १. म्हणजे सगळी नावे बुडणार, पण अतिशय सावकाश. शंभर पिढ्यांनंतरही शंभरांतली तीनेक नावे शिल्लक असतात. शंभर पिढ्या म्हणजे अडीच हजार वर्षे.

आता फासा थोडा बदला. मुलगा नसण्याची शक्यता एक चतुर्थांश, एक मुलगा असण्याची एक चतुर्थांश, दोन असण्याची अर्धी. सरासरी सव्वा मुलगा, म्हणजे लोकसंख्या वाढती. समीकरण होते क्ष = (१ + क्ष + २ × क्ष × क्ष) ÷ ४. दहावीच्या विद्यार्थ्यांना ते सोडवायला द्या. मुळे दोन येतात, अर्धा आणि एक. खरे उत्तर कोणते? शून्यापासून चढत जाऊन पाहा. ०.२५, ०.३४४, ०.३९५, ०.४२७, ०.४४८... पावले लहान होत जातात आणि अर्ध्याच्या पुढे पाऊल पडतच नाही, कारण क्ष अर्ध्यापेक्षा कमी असेल तर सूत्रातून येणारे उत्तरही अर्ध्यापेक्षा कमीच येते. म्हणून अर्धी नावे बुडतील आणि अर्धी कायमची टिकतील.

वॉटसन इथेच चुकले. त्यांनीही सरासरी सव्वा मुलग्यांचे एक उदाहरण घेतले होते. त्यात पाच मुलग्यांपर्यंत शक्यता धरली होती. त्याची पुढची पुढची उत्तरे काढली तर दहाव्या पिढीला सुमारे ०.५३ येतात, आणि ती ०.५५३ च्या पलीकडे कधीच जात नाहीत. पण क्षच्या जागी १ घातला की समीकरण सुटते, हे वॉटसन यांनी पाहिले आणि निष्कर्ष काढला की सगळी आडनावे बुडणार, फक्त वेळ लागेल. क्ष = १ हे मूळ तर कुठल्याही उदाहरणात असतेच, कारण सगळ्या शक्यतांची बेरीज १ असते. त्या मुळाने काहीच सिद्ध होत नाही. दुसरे, लहान मूळ आहे का, हे त्यांनी शोधले नाही. आकडे मंदावत चालले आहेत हे समोर दिसत असूनही ते अडखळले नाहीत. आमचा तर्क असा की उत्तर आधीपासून अपेक्षित होते. ‘घराणी बुडतात’ हे ठरलेलेच होते आणि गणिताने तसे म्हटल्यावर कोणाला उलटतपासणी करावीशी वाटली नाही. वर्गात आपणही हेच करतो. पुस्तकामागच्या उत्तराशी जुळले की रीत तपासणे थांबते.

गंमत म्हणजे बरोबर उत्तर त्याआधीच, १८४५ मध्ये, फ्रान्समधले बिएनेमे यांनी सांगून ठेवले होते. सरासरी एकापेक्षा अधिक नसेल तरच विनाश निश्चित, अधिक असेल तर काही शाखा टिकण्याची खरी शक्यता असते. ते कोणाच्या लक्षात राहिले नाही आणि त्यांचे हे काम १९७२ मध्ये पुन्हा उजेडात आले. दरम्यान जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२७ मध्ये हेच गणित आडनावाऐवजी जनुकाला लावले. एखाद्या नव्या जनुकामुळे शंभरात एका टक्क्याचा फायदा होत असेल, तरी तो जनुक टिकून पसरण्याची शक्यता शंभरात फक्त दोन. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९२९ मध्ये आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने आडनावांचा प्रश्न पुन्हा नव्याने विचारला, स्टेफेन्सन यांनी १९३० मध्ये तो पुरता सोडवला, आणि अमेरिकेत लोटका यांनी तिथल्या जनगणनेचे आकडे घालून पाहिले. लोकसंख्या वाढती असूनही एका पुरुषापासून निघालेली मुलग्यांची शाखा कधी ना कधी बुडण्याची शक्यता शंभरात ८० हून अधिक निघाली. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांची साखळी चालू राहील की विझेल, हेही याच समीकरणाने ठरते.

इथवर गणिताशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी. बहुतेक गोष्टी सांगणारे म्हणतात की पाहा, चीनमध्ये आडनावे फार जुनी आहेत, म्हणून तिथे थोडीच उरली. जपानमध्ये सर्वसामान्यांना १८७५ मध्ये आडनाव लावणे सक्तीचे झाले, म्हणून तिथे अजून हजारो आहेत. कोरियात दर पाचांत एक जण किम आहे. सिद्धांताचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

हा पुरावा कच्चा आहे. चीनमध्ये इसवी सन ४९६ मध्ये उत्तर वेई घराण्याच्या शियाओवेन या सम्राटाने हुकूम काढून आपल्या शियानबेई लोकांची बहुअक्षरी नावे बदलून चिनी धाटणीची केली आणि स्वतःच्या तुओबा घराण्याचे नाव युआन ठेवले. ती नावे फाशाने बुडाली नाहीत, फर्मानाने बुडाली. कोरियात सामान्य लोकांपैकी पुष्कळांना फार काळ आडनावच नव्हते. १९०९ च्या नोंदणी कायद्यानंतर ते घेणे भाग पडले, तेव्हा अनेकांनी प्रतिष्ठित आडनावे उचलली. किम वाढले ते मुलगे अधिक झाल्याने नव्हे, तर नाव निवडणारे अधिक झाल्याने. एखादे उत्तर सिद्धांताशी जुळते म्हणून ते सिद्धांतामुळेच आले असे होत नाही. इतक्या साध्या ठिकाणी विज्ञानलेखकांनी घसरावे याचे आम्हाला नवल वाटते.

आपल्याकडेही गॉल्टन यांची सुरुवातीची अट, म्हणजे दर आडनावाला एकच मूळ पुरुष, कुठे लागू पडते? पाटील, कुलकर्णी, देशमुख ही कामाची आणि वतनाची नावे. ती शेकडो गावांत वेगवेगळी उगवली. दोन पाटलांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असेलच असे नाही. गावाच्या नावाला ‘कर’ जोडला की नवे आडनाव तयार. या टाकसाळीतून बुडणाऱ्या नावांबरोबर नवी नावेही पडत होती, आणि गॉल्टन यांच्या वसाहतीत तर टाकसाळच नाही. गोव्यात सोळाव्या शतकात धर्मांतराच्या वेळी असंख्य घरांची जुनी नावे एका दिवसात जाऊन फर्नांडिस, डिसोझा, परेरा झाली. तिथे नाव गेले आणि घर राहिले.

अलीकडच्या एका उदाहरणाने आमचा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. २०२४ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली की २५३१ साली जपानमधल्या प्रत्येकाचे आडनाव ‘सातो’ असेल. तोहोकू विद्यापीठातले प्राध्यापक हिरोशी योशिदा यांचा हा हिशोब होता. जपानच्या कायद्यात लग्नानंतर नवराबायकोला एकच आडनाव ठेवावे लागते आणि बहुतेक वेळा ते नवऱ्याचे असते. तो नियम बदलावा, दोघांना आपापले आडनाव ठेवण्याची मुभा असावी, या मागणीच्या मोहिमेसाठी हा अंदाज केलेला होता. मागणी न्याय्य आहे असे आम्हालाही वाटते. पण हिशोब कसा होता? सातो आडनावाचे लोक सुमारे १.५ टक्के. २०२२ ते २०२३ या एका वर्षात त्यांचा वाटा १.००८३ पटीने वाढला. दरवर्षी इतकाच वाढला तर? चक्रवाढ व्याजाचे गणित येणारा कोणीही हे पडताळू शकेल. ८४ वर्षांत दुप्पट होते. १.५, ३, ६, १२, २४, ४८, ९६. सहा दुपटी, म्हणजे ५०४ वर्षे. आणखी चार वर्षांनी शंभर टक्के. २०२३ मध्ये ५०८ मिळवले की २५३१.

आता एकच पाऊल पुढे टाका. २५३२ साली काय होईल? त्याच नियमाने सातो १०० टक्क्यांहून अधिक होतील. ज्या नियमाने पुढच्याच वर्षी अशक्य उत्तर येते, तो नियम आदल्या वर्षी तरी खरा कसा? एखाद्या नावाचा वाटा सतत ठराविक पटीने वाढूच शकत नाही, कारण ज्यांच्यातून तो वाढायचा ती इतर नावांची माणसे संपत जातात. आणि निव्वळ योगायोगाचा विचार केला तर सातो वाढायला कारणच नाही. सातोच्या मुलग्यांची सरासरी इतरांइतकीच असेल, तर पुढच्या पिढीत त्यांचा वाटा वाढण्याइतकाच घटण्याचाही संभव आहे, सरासरीने तो १.५ टक्केच राहतो. फार फार पिढ्यांनी एकच आडनाव उरलेच, तर ते सातो असण्याची शक्यताही १.५ टक्केच. तिथवर पोचायला लागणाऱ्या पिढ्या मोजायच्या तर, लोकसंख्या स्थिर राहिल्यास, त्यांची संख्या पुरुषांच्या संख्येच्या मापाची, म्हणजे कोटींच्या घरात जाते. पाचशे वर्षांत जेमतेम वीस पिढ्या होतात. अंदाज ‘असेच चालले तर’ या अटीवर आहे, हे कर्त्यांनी झाकून ठेवले नव्हते. पण अट मागे पडते आणि साल लक्षात राहते. चांगल्या मागणीच्या मदतीला कच्चे गणित नेले, तर विरोधकाला आयते हत्यार मिळते.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. एक पडला म्हणजे मूलच झाले नाही, की मुली झाल्या?

आम्ही घरी येऊन हिशोब केला. मुलग्यांसाठी एक फासा आणि मुलींसाठी तसाच दुसरा फासा, दोन्ही स्वतंत्र. म्हणजे घरोघर सरासरी दोन मुले. कुटुंबे तीच, मुलग्यांचे प्रमाण तेच. बदल एवढाच की घराणे बुडाले असे केव्हा म्हणायचे, तर मुलगा-मुलगी कोणाचीच शाखा उरली नाही तेव्हा. आता क्ष = [(१ + क्ष + क्ष × क्ष) ÷ ३] चा वर्ग. याचे लहान मूळ ०.१५४ च्या आसपास येते. मुलगेच मोजले तर शंभरांपैकी शंभर घराणी बुडणार, मुलीही मोजल्या तर शंभरांपैकी पंधरा. त्या पंधरांतलीही अकरा पहिल्याच पिढीत मूल न झाल्यामुळे संपलेली असतात. म्हणजे एकदा मूल झाले की मग शाखा संपणे दुर्मीळ. (इथे जोडीदार नेहमी दुसऱ्या घराण्यातला धरला आहे. खूप पिढ्यांनी शाखा एकमेकींत गुंततात, मग हिशोब अवघड होतो, पण सुरुवातीच्या पिढ्यांसाठी एवढे पुरे.) शंभर आणि पंधरा यांतला फरक निसर्गातून आलेला नाही, योगायोगातूनही नाही. काय मोजायचे नाही हे ठरवण्यातून तो आला आहे.

फासा उलटाही फिरवता येतो. मुलगे सोडून फक्त मुली मोजा. गणित जसेच्या तसे राहते आणि मग आईकडून मुलीकडे जाणाऱ्या शाखा बुडत जातात. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा वारसा असाच फक्त आईकडून येतो. १९८७ मध्ये कॅन, स्टोनकिंग आणि विल्सन यांनी आज जिवंत असलेल्या सगळ्या माणसांचा हा वारसा आफ्रिकेतल्या एका स्त्रीपर्यंत मागे नेला. त्या काळी ती एकटी नव्हती. तिच्या बरोबरीच्या इतर स्त्रियांच्या निव्वळ मुलींच्या शाखा पुढे तुटल्या, इतकेच. त्यांच्यापैकी पुष्कळींचे वंशज मुलग्यांच्या वाटेने आजही असणार.

‘वंश बुडाला’ हा शब्द आपल्या घरांत तीन-तीन मुली असलेल्या जोडप्याला ऐकवला जातो. त्यावर उपाय म्हणून एक मुलगा होईपर्यंत वाट पाहायची आणि तो झाला की थांबायचे, अशी रीतही आहे. तिच्याच भाषेत तिचा हिशोब करून पाहा. प्रत्येकाने पहिल्या मुलग्यावर थांबायचे ठरवले तर कोणालाही एकापेक्षा अधिक मुलगे नाहीत, जुळ्यांचा अपवाद सोडा. मग सरासरी एकाच्या वर जाऊच शकत नाही. शंभरात पाच जणांना जरी मुलगा झाला नाही वा जगला नाही, तरी १४ पिढ्यांत निम्म्याहून अधिक आडनावे संपतात आणि पुढे सगळीच. दिवा तेवत ठेवण्यासाठी केलेल्या युक्तीनेच तो विझण्याची खात्री होते. हे फळ्यावर मांडून दाखवले की वर्गात आधी हशा होतो आणि मग थोडी शांतता. ज्यांच्या घरी धाकटा भाऊ आहे त्या मुलींना हे गणित लगेच कळते.

बुडणे ही व्याख्येची बाब असते, याची महाराष्ट्राला तर मोठी किंमत मोजावी लागली आहे. साताऱ्याच्या महाराजांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला होता. तो डलहौसीने अमान्य केला आणि १८४८ मध्ये औरस मुलगा नाही एवढ्या कारणावरून राज्य खालसा केले. १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर त्याच वाटेने गेली. इथल्या रिवाजाप्रमाणे वारस होता. मोजणाऱ्याच्या नियमाप्रमाणे नव्हता. १८५७ नंतर ते धोरण सोडावे लागले. १८७५ मध्ये, म्हणजे वॉटसन यांचा निबंध छापला गेला त्याच वर्षी, बडोद्याच्या जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या एका शेतकरी घरातला गोपाळराव नावाचा मुलगा दत्तक घेतला. खंडेराव महाराजांच्या मागे मुलगीच होती. गॉल्टन-वॉटसनच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे शून्य पडते. त्या शून्याच्या जागी सयाजीराव गायकवाड आले.

गणितात दत्तक नाही, मुली नाहीत, नवे आडनाव घेणारे नाहीत, म्हणून ते टाकून द्यावे असे आमचे म्हणणे नाही. प्रतिमानात काही सोडावेच लागते. भावाभावांची भाग्ये स्वतंत्र आहेत असे ते धरते, हेही खरे नाही. दुष्काळ आला की एका घरातल्या सगळ्याच शाखांवर येतो, आणि प्लेगच्या साथीने फासे एकेकटे टाकले नव्हते. तरीही योगायोगाने किती होते याचा पहिला अंदाज त्यातून मिळतो आणि तो मोलाचा आहे. पण फासा हातात घेण्याआधी ‘शून्य’ कशाला म्हणायचे हा नियम फळ्यावर लिहिला पाहिजे, आणि तो मुलांनीच ठरवायला हवा. आम्ही तो खेळ पुढच्या वर्षी असाच सुरू केला. नियम ठरवण्यातच अर्धा तास गेला.

वर ज्या एर्लांग यांचा उल्लेख आला, ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत. एका वेळी किती तारा गुंतलेल्या असतील याचे गणित त्यांनी बसवले. १९२९ मध्ये ते वारले. त्यांनी लग्न केले नव्हते. आडनावांचा प्रश्न त्यांना पडला तो आईच्या माहेरामुळे. क्रारुप हे ते घराणे नामशेष होण्याच्या मार्गावर होते. आईकडचे ते नाव त्यांनी स्वतःच्या नावात मधोमध ठेवले होते, आग्नर क्रारुप एर्लांग. १९४६ मध्ये टेलिफोनच्या वर्दळीच्या एककाला ‘एर्लांग’ असे नाव देण्यात आले.